गुलाबी रफू

फुंकरबुवांच्या दारात सकाळी नऊला उभा राहिलेला माणूस दुपारी एकला आत जायचा, आणि तरी कुणी कुरकुर करत नसे. बँकेत समोर चार डोकी दिसली तर मॅनेजरला बोलवा म्हणणारी आमची मंडळी इथे चार-चार तास शहाण्यासारखी उभी राहायची. कुणाच्या पायाची जखम चिघळलेली, कुणाची पाठ भाजलेली, कुणाचे टाके उसवलेले. आणि आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असे, "गुलाबी! अहो, डोळ्यांदेखत गुलाबी झाली जखम!"

बुवांचा हॉल पूर्वी फर्निचरचं दुकान होता. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मोठ्या दवाखान्याचं फाटक. बुवांनी जागा हेरून घेतली होती. दवाखान्यातून माणूस खचून बाहेर पडला की पहिली पाटी यांचीच दिसायची, 'प्राणकक्ष. कोंडमारा नाही. वेदना नाही. शंका असल्यास प्रवेश नाही.'

शंका असल्यास प्रवेश नाही, हे वाचूनच मी मागे फिरायला हवं होतं. मी मुळातला शंकेखोर माणूस. भाजीवाल्याचा तराजू आणि भविष्यवाल्याचं तोंड, दोन्हींवर माझा सारखाच अविश्वास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो वाचून तुम्हाला वाटेल की हा भोळाभाबडा कुणीतरी असणार. तसं नाही. मी चांगला मुरलेला शंकेखोर आहे, आणि तरी फसलो.

धंद्याने मी रफूगर. कापडाला भोक पडलं की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, ते जमले नाहीत तर डब्यातला जुळता दोरा घ्यायचा, आणि भोक असं विणायचं की मालकालाही सापडू नये. तीस वर्षं हेच करतोय. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. रंग दिव्याखाली जुळवायचा नाही. कापड आणि दोरा घेऊन उठायचं, दाराशी जायचं आणि उन्हाच्या उजेडात बघायचं.

आता अक्का. अक्का माझी थोरली बहीण. तिची लाँड्री आहे, आणि तिच्या हातची इस्त्री म्हणजे कापडाला नव्याने जन्म. या सगळ्याच्या काही दिवस आधी चादरी दाबायच्या गरम रोलरमध्ये तिचा उजवा हात गेला. बोटं वाचली, पण हाताच्या पाठीवरचं कातडं गेलं, बोटं हलवणाऱ्या आतल्या शिरा उघड्या पडल्या. दवाखान्यातल्या सर्जन डॉक्टरीणबाईंनी आधी जखम स्वच्छ केली. मग तिच्याच कोपराखालचं कातडं, एक कड तशीच जोडलेली ठेवून, वळवून हातावर बसवलं. याला ते फ्लॅप म्हणतात. मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे आतल्या शिवणीतलं कापड काढून रफू." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तेच. फक्त तुमच्या कापडाला भूक लागत नाही."

तिसऱ्या दिवशी त्या रफूला भूक लागली. करंगळीच्या बाजूची दोन बोटं रुंद कड निळीजांभळी पडली. डॉक्टरीणबाईंनी टाके सैल केले, कुठे पीळ पडलाय का, रक्त साकळलंय का तेही पाहिलं.

"नव्या जागी रक्ताच्या वाटा अजून नीट जुळल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या जुळेपर्यंत ही कड जगवायची आहे. मागच्या इमारतीत आपला दाबाचा कक्ष आहे. त्यात शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली घ्यायचा. सोड्याच्या बाटलीत वायू पाण्यात मुरलेला असतो ना? तसा इथे ऑक्सिजन रक्तातल्या पाण्यातच मुरतो आणि जिथे रक्त कमी पोचतंय तिथेही थोडाफार झिरपतो. आजच सुरू करू. जितका उशीर तितका फायदा कमी."

"हात वाचेल ना?" भाऊजींनी विचारलं. भाऊजी म्हणजे अक्काचे यजमान. मनाने सोन्यासारखे, पण कानाचे फार हलके.

"खात्री देत नाही. पुष्कळांना फायदा होतो. कड मेली तर शिरा पुन्हा उघड्या पडतील आणि बोटं आखडतील. म्हणून म्हणते, आजच."

'खात्री देत नाही' या तीन शब्दांनी घात केला. त्यात अक्काने कुणाकडून तरी ऐकलं होतं की तो लोखंडी डबा आहे, आत घालून झाकण लावतात. अक्का ताडकन म्हणाली, "एकदा यंत्राने हात गिळला तेवढा पुरे. आता अख्खी बाई गिळायला देऊ होय?" तिचा आवाज कापत होता. अक्काचा आवाज कापताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, म्हणून गप्प बसलो. स्वतःच्या जबाबदारीवर जातोय अशी सही करून आम्ही फाटकाबाहेर आलो, आणि समोर पाटी होतीच.

आत गेल्यावर आधी एक बोळ. तिथे बाकावर बसवून बुवांचा माणूस जखमेची पट्टी सोडायचा आणि घरच्यांना म्हणायचा, "नीट बघून घ्या, कशी आहे." मी अक्काचा हात बघितला. दवाखान्यात होता त्याहून कितीतरी वाईट दिसत होता, हिरवट, मेल्यासारखा. मग प्राणकक्षात नेलं. चारही भिंतींना जाड साटीनचे पडदे, वर कमळाच्या आकाराचा मंद दिवा, पडद्यामागून गार वाऱ्याची घरघर. उंच आसनावर फुंकरबुवा, आणि शेजारी भिंतीवर एक पितळी तबकडी. बुवा आसनावर टेकले की तबकडीचा काटा सरसर चढून सत्याऐंशीवर थांबायचा.

"सत्याऐंशी टक्के शुद्ध प्राण!" बुवा म्हणाले. "मागच्या महिन्यात ब्याऐंशी होता. साधना वाढतेय."

सगळ्यांनी दहा मिनिटं डोळे मिटायचे होते. तेवढ्यात बुवांचं प्रवचन.

"दवाखान्यातली हवा कशी असते? कोंडलेली! मांजर कोंडा, रागावतं की नाही? मग हवा नाही रागावणार? ती रागावलेली हवा तुमच्या जखमेत शिरते, आणि तुम्ही विचारता गुण का येत नाही! आमची हवा मोकळी. ती आपण होऊन येते. मी तिला फक्त पत्ता सांगतो. हात पुढे करा, माई. फूऽऽ... फूऽऽ... फूऽऽ... आता डोळे उघडा."

डोळे उघडले आणि अक्काचा हात गुलाबी! ती निळी कडसुद्धा गुलाबी. भाऊजी तर हमसून हमसून रडायलाच लागले. खोटं कशाला बोलू, मीही रडलो. ज्या हाताने लहानपणी मला धपाटे घातले आणि त्याच हाताने माझे शाळेचे कपडे कडक केले, तो हात वाचला असं मला वाटलं. शंकेखोर माणूस रडायला लागला की तो इतरांपेक्षा जास्त रडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

हवा मुरायला पुढे तासभर बसायचं होतं. रिकामं बसणं मला जमत नाही. पिशवीत बँडमास्तरांचा पांढरा कोट होता, कोपराला कुरतडलेला, संध्याकाळी द्यायचा. तिथेच डबा उघडला, दोरा जुळवला आणि बसल्या बसल्या रफू करून टाकला. झकास झाला. स्वतःलाच जागा सापडेना.

निघताना बुवांनी पट्टी बांधून बजावलं, "उद्या दुपारी पुन्हा या. तोवर पट्टी सोडायची नाही. उजेड लागला की प्राण उडतो." कोट तिथेच घडी करून पिशवीत टाकला होता, तो संध्याकाळी तसाच बँडमास्तरांकडे पोचता केला आणि त्या रात्री निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बँडमास्तर दुकानात कोट नाचवत आले.

"रफूशेठ, हे काय? माझ्या कोपराचे डोळे आलेत!"

"माझ्या कामात खोट काढताय?"

"या, दाराशी या जरा."

दाराशी गेलो. उन्हात कोट पसरला. पांढऱ्याशुभ्र बाहीवर बशीएवढा गुलाबी ठिपका. पांढरा म्हणून मी गुलाबी दोरा वापरला होता! तीस वर्षांत अशी नामुष्की झाली नव्हती. मी डबा उपसला. पांढऱ्याचं रीळ आणि फिक्या गुलाबीचं रीळ शेजारी शेजारी. उन्हात आंधळ्यालाही फरक कळावा. मग काल कसा नाही कळला?

आणि मग आठवलं. काल मी रंग दाराशी नेऊन बघितला नव्हता. दिव्याखाली जुळवला होता. पांढरा आणि गुलाबी दोरा ज्या उजेडात एकच दिसतात, त्या उजेडात निळं कातडं कसं दिसेल? दहा मिनिटं डोळे मिटून गुलाबी दिव्याखाली उघडले की डोळ्याला तो दिवा गुलाबी वाटतच नाही. त्याला सगळं जगच निरोगी दिसतं.

"मास्तर, कोट द्या!"

"अहो, माझा कोट आहे तो!"

"मग तुम्हीपण चला!"

आम्ही दोघं धावत सुटलो, पुढे मी, मागे मास्तर. बोळात शिरताना मी वर पाहिलं. ट्यूबलाइटला हिरवटनिळा कागद गुंडाळलेला होता. काल तो माझ्या डोक्यावरच होता आणि मी अक्काचा हात बघत बसलो होतो.

दार ढकललं. अक्का हात पुढे करून बसलेली, भाऊजी हात जोडून, भोवती दहा-बारा माणसं. बुवांची दुसरी फुंकर चालू होती.

"अक्का, ऊठ. आपण फसलोय."

"शंका असल्यास प्रवेश नाही!" बुवा गरजले.

"शंका नाही, कोट आहे," मी म्हणालो आणि कोट सगळ्यांसमोर धरला. "मंडळी, याच्या बाहीवर बशीएवढा रफू आहे. ज्याला सापडेल त्याने दाखवावा."

कोट हातोहात फिरला. कुणी फिरवून पाहिला, कुणी डोळ्यांजवळ नेला. सापडेना. अक्काने डाव्या हाताने बाही चाचपली. ती म्हणाली, "हाताला लागतोय, छोट्या. डोळ्यांना दिसत नाही."

"आता रस्त्यावर चला."

बुवा नको नको म्हणत असताना निम्मी माणसं बाहेर गेली. पाठोपाठ अक्काही गेली. उन्हात कोट उघडला आणि रांगेतल्या लोकांनीही माना पुढे काढल्या. गुलाबी ठिपका रस्त्यापलीकडून दिसावा इतका ठळक होता. दोन-चार जण फिदीफिदी हसले. मास्तर मात्र आधीच दुखावलेले होते.

आम्ही परत आत आलो तेव्हा बुवांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "हा दोराच नास्तिक आहे! श्रद्धा नसलेल्या हाताने ओवलेला दोरा प्राणकक्षात लपतो आणि बाहेर उलटतो."

भाऊजींनी मान डोलावली. ते पाहून माझा संताप झाला, पण बोलायची वेळच आली नाही. कारण अक्का कोटाकडे बघत होती, आणि अक्काने डागांपुढे आयुष्य काढलंय. चहाचा डाग कुठला, गंजाचा कुठला, हे ती वासावरून सांगते.

"डाग आत दिसत नाही आणि बाहेर दिसतो," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे कापड बदललं नाही. उजेड बदललाय."

मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पाहता पाहता तिचा चेहरा उतरला. ती उठली, भिंतीशी गेली, डाव्या हातात साटीनचा पडदा धरला आणि असा हिसका दिला की वरच्या कड्यांसकट पडदा खाली आला. मागे खिडकी होती. खिडकीच्या एका भागात साधा एअर कूलर घरघरत होता. उरलेल्या काचेतून दुपारचं ऊन थेट तिच्या हातावर पडलं.

कड निळी होती. कालच्यापेक्षा जास्त. टोकाला तर काळपट पडायला लागली होती.

"बुवा," अक्का म्हणाली, "घाला ना आता फुंकर. उजेडात घाला."

बुवा आसनावरून उठले. ते उठले आणि तबकडीचा काटा सरसर खाली येऊन शून्यावर थांबला.

"प्राण संपला!" भाऊजी किंचाळले.

बँडमास्तरांनी वाकून आसनाखालचं कापड वर केलं, आणि त्यांचा कोटाचा सगळा राग मावळला. "प्राण कसला, भाऊ? वजनकाटा आहे हा! बुवा सत्याऐंशी किलोचे आहेत. आणि मागच्या महिन्यात ब्याऐंशीचे होते. साधना खरंच वाढतेय हो!"

हसण्याचा असा काही फवारा उडाला की त्या गडबडीत बुवा मागच्या दाराने कधी सटकले ते कळलंही नाही. कूलर मात्र चालूच राहिला. माझं लक्ष तिकडे नव्हतं. रांगेतल्यांना 'समोर जा, आत्ता जा' एवढं ओरडून आम्ही रस्ता ओलांडला.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, घड्याळ पाहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. "काल बारा वाजता सांगितलं होतं. एक दिवस गेला. आता बोलण्यात आणखी नको घालवायला."

मागच्या इमारतीत मोठ्या खिडक्यांची एक स्वच्छ खोली होती. कक्ष चालवणारा माणूस पूर्वी पाणबुड्या होता, खोल पाण्यात काम करायचा. खोलीच्या मधोमध त्याचा तो डबा. अक्का दारातच थबकली.

"अगं बाई, हा तर काचेसारखा आहे!"

खरंच. आरपार दिसणारं मोठं नळकांडं, आत गादी आणि उशी. ज्या लोखंडी डब्याला आम्ही इतके घाबरलो, तो आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. पाहायला चार पावलं चालावं लागलं असतं, एवढंच.

"घाटातून गेलात कधी?" पाणबुड्याने विचारलं. "कानात दडे बसतात तसं होईल. आवंढा गिळायचा. आतून-बाहेरून बोलता येतं, तुम्ही थांब म्हणालात की मी थांबवणार, मग हळूहळू बाहेर. आत ऑक्सिजन असतो, ठिणगीची भीती, म्हणून केसांना तेल नको, अंगावर आमचा सुती झगाच. आणि तुम्ही हो, कॉलरला खोचलेली ती सुई आधी बाहेर ठेवून या."

"किती वेळ?" अक्काने विचारलं.

"दीड-दोन तास. आधी दिवसातून दोनदा, मग एकदा."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "छोट्या, इथेच बसायचं. मला दिसेल असं. आणि रफूबिफू करायचा नाही, माझ्याकडे बघायचं."

ती आत गेली. झाकण लागलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले होते. मग कान दडले असावेत, कारण तिने रागाने आवंढा गिळला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दाब वाढवत होतो. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. अक्का चिडली म्हणजे ती घाबरलेली नसते.

पुढचे दिवस विचारू नका. डॉक्टरीणबाई रोज तिची खुर्ची स्वतः खिडकीशी न्यायच्या. कडेवर बोट टेकवायचं, उचलायचं आणि रंग किती वेळात परततो ते बघायचं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नाही, अजून निळंच आहे." तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला जरा बरं दिसतंय, पण तुम्ही एवढ्यात खूश होऊ नका." बुवाने पहिल्या फुंकरीत हात गुलाबी केला होता. ही बाई तीन दिवस खपून 'अजून नाही' म्हणत होती, आणि तरी माझा विश्वास तिच्यावर बसत गेला. कारण ती मला खिडकीशी नेत होती.

सहाव्या दिवशी त्या बाजूला झाल्या. मी पुढे झालो. आता स्वतःच्या डोळ्यांवरही माझा भरवसा उरला नव्हता, म्हणून खिशातून पांढरा दोरा काढला आणि अक्काच्या हाताशेजारी उन्हात धरला. दोरा पांढरा दिसला आणि हात गुलाबी.

सगळी कड वाचली नाही. टोकाची, करंगळीच्या नखाएवढी पट्टी काळी पडून गेली. शिरा मात्र झाकलेल्या राहिल्या आणि तेवढी जागा पुढे हळूहळू भरली. "त्याच दिवशी आलो असतो तर तीही वाचली असती का?" मी विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कदाचित. सांगता येत नाही." त्या 'सांगता येत नाही'मुळे मला आजही झोप लागत नाही कधीकधी.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. अक्का पुन्हा इस्त्री करते. बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण इस्त्री धरण्यापुरती मिटतात. परवा मी लाँड्रीत गेलो तर भाऊजी गिऱ्हाइकांना रंगवून रंगवून सांगत होते, "अहो, काचेची नळी आहे तिथे. आत गेलं की जखम गायब! चमत्कार म्हणजे चमत्कार!"

अक्काने इस्त्री उभी केली आणि उजवा हात गिऱ्हाइकासमोर धरला.

"यांचं ऐकू नका. दाराशी या, उजेडात बघा. हा एवढा वाचला आणि ही पट्टी मेली. चमत्कार असता तर हीसुद्धा वाचली असती. हा इलाज आहे. कुणाला लागू पडतो, कुणाला नाही, आणि वेळेवर गेलं तर जास्त पडतो."

भाऊजी खाली बघायला लागले. मीही बघायला लागलो, कारण रडलो तर मीही होतो.

म्हणून वाचकहो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही. डोळे चांगले असतात, पण आपलं माणूस आजारी पडलं की त्यांना जे हवं असतं तेच दिसतं. तेव्हा कुणीही काहीही दाखवलं, बुवाने दाखवलं, डॉक्टरने दाखवलं किंवा मी माझा रफू दाखवला, तरी लाजू नका. सरळ विचारा, "जरा दाराशी नेऊन बघू का?" जो हो म्हणेल त्याच्याकडे थांबा. जो म्हणेल उजेड लागू देऊ नका, त्याच्याकडून उठा आणि रस्ता ओलांडा. आणि हे आजच करा. उद्यावर टाकू नका. आम्ही एक दिवस टाकला, तो अक्काच्या हातावर दिसतो.